टर्पेंटाइन ‘किंवा’ जवसाचं तेल? हा ‘किंवा’ आधी खोडा

“रंग घट्ट वाटला तर थोडं टर्पेंटाइन किंवा जवसाचं तेल घाला.” तैलरंगांत निसर्गचित्र शिकवणाऱ्या किती व्हिडिओंत हे वाक्य ऐकलंय त्याची गणती नाही, आणि त्यातला तो ‘किंवा’ आला की माझं डोकं फिरतं. दोन्ही बाटल्यांनी रंग सैल होतो, हे खरं. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

टर्पेंटाइन तुम्हाला ठाऊक आहेच. पाइनच्या राळेपासून काढलेलं, उग्र वासाचं, ब्रश धुवायला रोज लागणारं. खिडकी उघडी ठेवा आणि पुढे चला.

घोळ होतो तो ‘वाळणं’ या शब्दापाशी. टर्पेंटाइन खरोखर वाळतं, म्हणजे उडून जातं; काम झालं की त्याचा मागमूस राहत नाही. जवसाचं तेल कुठेच जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाचा चिवट पापुद्रा होतो. या काळात त्याचं वजन चक्क वाढतं. सिमेंट जसं वाळत नाही, धरतं, तसंच हे. पातळ थर काही दिवसांत बोटाला लागेनासा होतो, पण जाड थर आतून धरायला महिने घेतो. वार्निशसाठी 6 ते 12 महिने थांबायला सांगतात ते याचसाठी.

आता हे थरांना लावून बघा. खालचा थर तेलकट असेल तर तो आत अजून हलतोय, आधी फुगतोय, मग आकसतोय. त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर दिला, तर तो आधी कडक होऊन बसतो. खालचं हलतं, वरचं ताणलं जात नाही, आणि तडे जातात. म्हणून खाली कमी तेल, वर जास्त तेल. ‘जास्त तेल’ म्हणजे ‘जाड रंग’ नव्हे, हेही एकदा लिहून ठेवतो. ट्यूबमधून काढलेला रंग चाकूने नुसता थापला तर तो जाड असतो, पण त्यात तेल ट्यूबमध्ये होतं तेवढंच.

निसर्गचित्रात हा नियम नेमका शेवटच्या दहा मिनिटांत मोडतो. आकाश झालं, डोंगर झाले, शिशिरातलं झाड उभं राहिलं. आता हव्यात बारीक निष्पर्ण फांद्या, पुढचं गवत, दोन पक्षी. बारीक रेघ ओढायची तर रंग शाईसारखा वाहता हवा, आणि हात सवयीने टर्पेंटाइनकडे जातो. चित्रातला सगळ्यात वरचा थर सगळ्यात रोडका, म्हणजे सगळ्यात कमी तेलाचा! शिवाय खालचा रंग ओला असेल तर टर्पेंटाइन तो विरघळवतं आणि फांदीच्या कडेला मळकट ओघळ उतरतो. माझ्या एका पानगळीच्या चित्रातल्या अर्ध्या फांद्या अशाच पोपडे होऊन निघाल्या. दोष सर्वस्वी माझा. फांद्यांसाठी रंग तेलाच्या एक-दोन थेंबांनी सैल करा, ब्रश लांब केसांचा घ्या.

उलट, आकाशाचा पहिला हात टर्पेंटाइनने बेलाशक पातळ करा. फक्त पाण्यासारखा करू नका. रंगद्रव्याला धरून ठेवणारं तेलच इतकं विरळ होतं की वाळल्यावर बोटाला भुकटी लागते.

एका बैठकीत, ओल्यावर ओलं असं चित्र संपवणार असाल तर थरांची ही काळजी जवळजवळ सोडून द्या. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने 1821-22 मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला केलेले ढगांचे अभ्यास असे झटपट उरकलेले आहेत. कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपलेली आहे. फ्रेंच चित्रकार मोनेची 1890-91 मधली गव्हाच्या गंज्यांची चित्रं मात्र बाहेर सुरू होऊन पुढे स्टुडिओतही हाताळली गेली. एकाच चित्राकडे आठवड्यांनी परतणार असाल तर तुम्ही दुसऱ्या गोटात आहात.

बर्फाचं चित्र असेल तर एवढंच: जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पांढऱ्यासाठी खसखशीचं किंवा करडईचं तेल बरं (इथे ‘किंवा’ चालेल). चित्र पिवळटलंच तर उजेडात ठेवा, बराचसा पिवळेपणा उतरतो. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल चित्राला नको. त्यातले वाळवणारे क्षार रंग काळवंडवतात. ऑलिव्ह तेल तर कधी धरतच नाही.

आणि चिंध्या. टर्पेंटाइनच्या चिंधीला सहसा ठिणगी लागावी लागते, जवसाच्या तेलाच्या चिंधीला तीही लागत नाही. ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडते. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीची 23 फेब्रुवारी 1991 ची आग 22 व्या मजल्यावरच्या अशाच चिंध्यांतून पेटली. तीन अग्निशामक गेले. माझ्या चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातात. ‘एकच तर चिंधी आहे’ म्हणून ती चुरगाळून कोपऱ्यात टाकणाऱ्याला मी स्टुडिओत घेत नाही.