रिकामी रॅम काय कामाची?

संगणकाला फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं की तासाभरात कुणीतरी सल्ला देतंच: अमुक सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) बंद कर, तमुक फोल्डर रिकामा कर, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, हा आकडा बदल, मग बघ मशीन कसं पळतं. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. मेमरी, डिस्क आणि प्रोसेसरचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडेच राहू द्यावा. आपली खासगी माहिती, आपली भाषा आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम यांत मात्र जरूर हात घालावा, तोही पहिल्याच दिवशी.

आधी रॅमचं, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीचं, बघू, कारण बहुतेक सल्ले तिथूनच निघतात. रॅममधली माहिती प्रोसेसरला साधारण 100 नॅनोसेकंदांत मिळते. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडी डिस्कला त्याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट. रॅमचा वेळ 1 सेकंद मानला, तर एसएसडी 16-17 मिनिटं घेईल आणि हार्ड डिस्क जवळजवळ 28 तास. एवढी तफावत असताना एकदा डिस्कवरून आणलेली फाइल रॅममधून लगेच पुसून टाकणं हा शुद्ध अपव्यय आहे. म्हणून विंडोज काय किंवा लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम काय, काम संपल्यावरही फाइल रॅममध्ये राहू देतात. पुन्हा लागली तर डिस्ककडे जावं लागत नाही आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली तर ती क्षणात मोकळी करून देता येते. यालाच कॅश म्हणतात.

2007 साली विंडोज व्हिस्टा आलं, तेव्हा त्यातल्या सुपरफेचने एक पाऊल पुढे टाकलं. आपण कोणते प्रोग्रॅम वारंवार उघडतो हे बघून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवायचे, असा हा बेत. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅम आणि मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या खिडकीत, ‘फ्री’ मेमरी शून्याच्या आसपास दिसू लागली आणि लोक घाबरले. व्हिस्टाने रॅम खाल्ली, सुपरफेच बंद करा, हा सल्ला तेव्हा जो रुजला तो आजही फिरतो. सर्व्हिसचं नाव बदलून सिसमेन झालंय, एवढाच फरक. लिनक्सवाल्यांनाही हीच धास्ती वाटायची. म्हणून तिथे 2014 पासून मोकळी मेमरी आणि गरज पडताच मिळू शकणारी मेमरी असे दोन आकडे वेगवेगळे मिळतात. आपण बघायचा तो दुसरा. पहिला आकडा लहान असेल तर रॅम कामाला लागली आहे, इतकंच समजावं.

पेजफाइल म्हणजे रॅममधला डेटा तात्पुरता बाजूला ठेवायची डिस्कवरची जागा. ती बंद करण्याचा सल्ला तर घातकच म्हणायला हवा. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती देण्याची हमी देतं आणि अशा सगळ्या हमींची कमाल मर्यादा असते रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल काढली की मर्यादा खाली येते. मग रॅममध्ये प्रत्यक्षात जागा असूनही हमी देता येत नाही आणि चालता प्रोग्रॅम बंद पडू शकतो. शिवाय दिवसभर कुणी हात न लावलेला डेटा बाजूला टाकायला जागाच उरत नाही आणि तो रॅम अडवून बसतो.

हे सल्ले मुळात कुणी खोडसाळपणे काढलेले नाहीत. विंडोज एक्सपी 2001 साली आलं तेव्हा त्याला किमान 64 एमबी रॅम पुरत असे. विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते, म्हणजे 64 पट. त्या काळी खिडक्यांच्या सावल्या बंद केल्या की खरोखर फरक जाणवायचा. हार्ड डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र आणणारं डिफ्रॅग खरंच उपयोगी होतं, कारण वाचणारं डोकं जागोजागी हलवावं लागे. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तिला हवी असते कोणती जागा आता निकामी झाली याची सूचना, म्हणजे ट्रिम, आणि ती विंडोज 7 पासून आपोआप जाते. लिनक्सवर फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ डिस्कवर लिहिली जायची. ते टाळण्यासाठी जाणकार हाताने सेटिंग बदलत. 2009 साली कर्नेलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, ते लिहिणं मूळ सेटिंगमध्ये बरंच कमी केलं. खरोखर गुण देणाऱ्या युक्त्या अशा बनवणारेच उचलतात. बाहेर फिरत राहतात त्यांत बऱ्याचशा कालबाह्य असतात आणि काही पहिल्यापासूनच चुकीच्या. एक्सपी इंटरनेटचा 20 टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवतं, हा असाच एक समज. मायक्रोसॉफ्टने तो तेव्हाच खोडून काढला होता.

तरी ‘मी केलं आणि फरक पडला’ असं सांगणारे भेटतातच, आणि ते खोटं बोलत नसतात. सेटिंग बदलण्यापूर्वी प्रोग्रॅम उघडला तो डिस्कवरून आला. बदलल्यानंतर लगेच पुन्हा उघडला तो कॅशमधून आला, म्हणून झटकन उघडला. श्रेय मात्र सेटिंगला गेलं. नव्या सिस्टिमचे पहिले एक-दोन दिवस तर मोजमापाला अगदीच निरुपयोगी, कारण तेव्हा मागे ड्रायव्हर आणि अपडेट उतरत असतात, शोधासाठी फाइलींची सूची बनत असते. ते काम संपलं की मशीन आपसूक हलकं होतं. मधल्या काळात आपण जे काही केलेलं असेल, त्याला यश आल्यासारखं वाटतं.

मोजायचंच असेल तर आधी वेळ कुठे जातोय ते बघावं. संगणक सुरू व्हायला 30 सेकंद लागत असतील आणि त्यांत एखादी सर्व्हिस 0.3 सेकंद घेत असेल, तर ती समूळ काढूनही फायदा जास्तीत जास्त 1 टक्का. संगणक-रचनाकार जीन अमडाल यांनी 1967 साली समांतर संगणनाविषयी (एकच काम अनेक प्रोसेसरांत वाटून करण्याविषयी) मांडलेला विचार इथेही लागू पडतो: एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण लाभ त्या भागाच्या वाट्याइतकाच. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत प्रत्येक प्रोग्रॅमचा भार कमी, मध्यम की जास्त ते दिसतं. तिथे चॅटची, गेमची आणि प्रिंटरसोबत आलेली सॉफ्टवेअर बंद केली तर खरा फरक पडतो.

अपडेट बंद करायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नये. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस 12 मे 2017 रोजी जगभर पसरला आणि सुमारे दीडशे देशांतले संगणक त्याने ओलीस धरले. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट 14 मार्चलाच, जवळपास दोन महिने आधी, आलं होतं.

वेगाच्या नादात खुशाल सोडून दिल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक, लोकेशनची परवानगी आणि मायक्रोफोनचा वापर. या सेटिंग आपल्या सोयीने ठेवलेल्या असतील असं गृहीत धरू नये, एकेक उघडून बघावी. मराठी कळफलकही लगेच जोडून घ्यावा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक, असतोच आणि विंडोज 10 च्या 2019 मधल्या अपडेटपासून उच्चारानुसार टंकायचा मराठी फोनेटिकही मिळतो. आणि विंडोज 11 मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं असेल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तिची 48 अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलावा लागला तर तिच्याशिवाय फोटो, कागदपत्रं, काहीच हाती लागणार नाही.