मन शांत होतं ते श्वास सोडताना

'या मंत्राची कंपनं थेट पेशींपर्यंत पोचतात, म्हणून मनःशांती मिळते' अशी विधानं मनःशांतीवरच्या पुस्तकांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास दिसतात. त्यांना काडीचाही पुरावा नाही. मात्र पाठ म्हटल्यावर बरं वाटतं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा नाही. त्याचं निदान एक कारण तरी शरीरशास्त्रात सापडतं आणि ते फार सुंदर आहे.

इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी या लोकांना जपमाळेवरची लॅटिन 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा बौद्ध मंत्रही. एरवी मिनिटाला 12 ते 20 वेळा चालणारा श्वास दोन्ही वेळी 6 च्या आसपास आला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, अर्थ वेगळे. श्वास मात्र एकाच लयीत. शिवाय रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रियाही जास्त तल्लख झाली.

ही क्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे. मानेतल्या कॅरोटिड धमन्यांच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंतींत दाबसंवेदक असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत जातो. तिथून मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतेमार्फत (नसेमार्फत) हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरवर अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सोडलं जातं आणि ठोके मंदावतात. हे सगळं जेमतेम सेकंदाभरात होतं. त्याच वेळी अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे एरवी रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांचं जाळं, रक्तवाहिन्यांवरची पकड सैल करते, पण त्याला काही सेकंद लागतात. या उशिरामुळे रक्तदाब एका जागी थांबत नाही. साधारण 10 सेकंदांच्या लाटांनी तो वरखाली होत राहतो. यांना मेयर लाटा म्हणतात.

हृदयात दुसरीही एक लाट असते, ती श्वासाची. श्वास घेताना व्हेगसचा लगाम ढिला पडतो आणि ठोके वाढतात. सोडताना लगाम आवळतो आणि ठोके कमी होतात. आता एका श्वासाचं आवर्तन 10 सेकंदांचं केलं तर? झोपाळ्याला त्याच्याच लयीत झोका दिला की तो उंच जातो, तशा या दोन लाटा एकमेकींवर चढतात. यालाच अनुनाद म्हणतात.

आपल्याकडचं भुजंगप्रयात वृत्त घ्या. 'य' हा गण (लघु-गुरु-गुरु) चार वेळा, म्हणजे चरणात 12 अक्षरं आणि 20 मात्रा. सावकाश म्हटलं तर एका चरणाला चारेक सेकंद लागतात. दोन चरण एका दमात म्हणून श्वास घेतला की झाले 10 सेकंद! मोठ्याने म्हणताना श्वास सोडणं आपोआप लांबतं, मुद्दाम प्राणायाम करावा लागत नाही. मनःशांतीवरचं पुस्तक रात्री अंथरुणात पडून नुसतं डोळ्यांनी वाचताना हे घडत नाही, कारण मूकवाचनात श्वासाला वाक्याशी जुळवून घ्यावं लागत नाही.

अशी सगळीच पुस्तकं निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. संज्ञानात्मक वर्तनोपचारावर, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीवर आधारलेल्या, वाचकाकडून लेखी सराव करून घेणाऱ्या पुस्तकांच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि सौम्य नैराश्यात त्यांचा फायदा दिसला आहे. 'पाठ सुरू केला, आता बीपीची गोळी बंद करा' असं सांगणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवावं. पाठ म्हणताना होणारा परिणाम मोजता येतो, पण तो औषधाची जागा घेत नाही.

या परिणामातला श्वासाचा भाग घरीही तपासता येतो. मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. सोडताना दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलेलं जाणवेल. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याची नाडी पाहा. हा फरक वयानुसार कमी होत जातो, त्यामुळे मुलांमध्ये तो फार ठळक जाणवतो.