इश्यूंवरच्या लेबलांची पार्श्वभूमी

इश्यू म्हणजे सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या बगची (बिघाडाची) किंवा कामाची नोंद, आणि लेबल म्हणजे तिच्यावर लावलेली छोटी चिठ्ठी. १९९८ साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. बग नोंदवायला आता कंपनीबाहेरचे लोकही येणार होते. त्यासाठी टेरी वाइसमन यांनी त्याच वर्षी बगझिला हे बग नोंदवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातली नोंद म्हणजे ठरलेल्या रकान्यांचा फॉर्म: प्रॉडक्ट, कम्पोनंट, सिव्हिरिटी, प्रायॉरिटी. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. क्वचित वापरल्या जाणाऱ्या मेनूमुळे ॲप क्रॅश होत असेल तर सिव्हिरिटी मोठी, तरी प्रायॉरिटी कमी असू शकते. होमपेजवर कंपनीचंच नाव चुकलं असेल तर नेमकं उलट. बिघाड किती गंभीर हे बिघाडच सांगतो, पण आधी काय हाती घ्यायचं हे टीमने ठरवायचं असतं. आजही कित्येक प्रकल्पांत या दोन्हींची सरमिसळ होते आणि सगळंच 'अर्जंट' होऊन बसतं.

रकान्यांची अडचण अशी, की नवा रकाना हवा तर ॲडमिनचे पाय धरा. त्यावर लोकांनी वाट काढलीच. बगझिलात 'व्हाइटबोर्ड' नावाची एक मोकळी जागा होती. नवख्यांना झेपेल अशा बगवर मोझिलाचे लोक तिथे चौकटी कंसात 'गुड फर्स्ट बग' लिहून ठेवत. गिटहब या प्रकल्पांचा कोड ठेवायच्या साइटवरचं 'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल त्याच जातकुळीचं.

२००६ मध्ये गूगल कोड या तशाच साइटने रकाने जवळपास मोडीत काढून लेबलं आणली, पण 'टाइप-डिफेक्ट', 'प्रायॉरिटी-मीडियम' अशा जोडनावांनी रकान्याची आठवण जपली. २००९ मध्ये गिटहबचे इश्यू आले तेव्हा तीही शिस्त उरली नाही. वाटेल ते नाव द्या, वाटेल तितकी लेबलं लावा. छोट्या प्रकल्पांना हे मानवलं. मोठ्यांत मात्र एकाच इश्यूवर दोन परस्परविरोधी प्रायॉरिट्या दिसू शकत, आणि सिस्टिमला त्याचं काही वाटत नसे.

मग शिस्त प्रकल्पांनीच लावली. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात क्षेत्रासाठी 'ए-', टीमसाठी 'टी-' असे उपसर्ग आहेत. सर्व्हरवरची ॲप्स सांभाळणाऱ्या कुबरनेटीस प्रकल्पात कमेंटमध्ये '/काइंड बग' अशी कमांड टाकली की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लेबल चिकटवतो. २०१९ मध्ये गिटहबसारख्याच गिटलॅबने स्कोप्ड लेबलं आणली: एका गटातलं नवं लेबल लावलं की जुनं आपोआप गळतं. २०२५ मध्ये गिटहबनेही संस्थांसाठी 'इश्यू टाइप' सर्वांना खुले केले. एका इश्यूला एकच टाइप, आणि टाइपांची यादी ठरवणार संस्थेचे ॲडमिन.