फिर्यादीच्या धमकीने खंडणी

‘पैसे टाक, नाहीतर केस ठोकतो’ अशी भीती घालून रोकड, दागिना, जमिनीचा कागद किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही काढून घेणे, अथवा तसा प्रयत्न करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. याआधीच्या भारतीय दंड संहितेच्या मराठी अनुवादात या गुन्ह्याला ‘बलाद्ग्रहण’ म्हटले आहे. सातारा-सांगलीच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मात्र हा शब्द कानी पडणे कठीण. तिथे ‘खंडणी’, ‘तोडपाणी’ आणि ‘मांडवली’ हेच चलनात आहेत, आणि या तिघांतला फरक कोणी फारसा पाळत नाही. कायदा तो पाळतो.

‘खंडणी’ हा शब्द मुळात गुन्हेगारीचा नाही. खंडून, म्हणजे ठरवून, घेतलेली रक्कम असा त्याचा जुना अर्थ. शाहू महाराजांच्या काळात साताऱ्याच्या गादीच्या नावाने चौथाई आणि सरदेशमुखी वसूल होई, १७१९ मध्ये त्यांच्या बादशाही सनदाही मिळाल्या. त्या व्यवहारात खंडणी हा राजकारणाचा शब्द होता. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली, तेव्हा सातारा संस्थान १८४८ मध्येच खालसा झालेले होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा न्याय संहितेने घेतली. जुनी ३८३ ते ३८९ ही सात कलमे आता एकट्या ३०८ च्या पोटकलमांत आहेत.

व्याख्येत चार गोष्टी लागतात: हेतुपुरस्सर घातलेली भीती, ती भीती ‘क्षती’ची असणे, मनातली अप्रामाणिकता आणि त्या भीतीपोटी मालमत्ता किंवा सही केलेला कागद हातातून सुटणे. क्षती म्हणजे शरीर, मन, अब्रू किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोचवलेली कोणतीही इजा. कायद्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल. पीक देण्याचा करारनामा सही करून दिला नाहीस तर लाठीवाले पाठवून तुझे शेत नांगरून टाकीन, अशी धमकी त्यात आहे. एकोणिसाव्या शतकातले हे उदाहरण आजही बांधावरचे वाटते.

फिर्यादीच्या धमकीबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की आरोप खोटा असेल तरच ती खंडणी. तसे नाही. आरोप खरा की खोटा हा प्रश्न इथे गौण आहे. खऱ्या गुन्ह्याची तक्रार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ती न करण्याची किंमत लावण्याचा नाही. समजा, तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने मालात खरोखर गडबड केली आणि ते पाहिलेल्या हमालाने ‘दोन लाख दे, नाहीतर ठाण्यात जातो’ असे सांगितले. व्यापारी दोषी असला म्हणून हमाल सुटत नाही. उलट, चेक वटला नाही म्हणून वकिलामार्फत नोटीस पाठवून १५ दिवसांत रक्कम मागणे, आणि न दिल्यास फिर्याद करू असे कळवणे, ही खंडणी नव्हे. तो पैसा मुळात घेणेकऱ्याचाच असतो आणि ती नोटीस कायद्यानेच सांगितलेली आहे. हक्काच्या रकमेवर ‘केस मागे घ्यायचे’ म्हणून जादा आकडा चढवला, की पाय घसरू लागतो.

शिक्षेची विभागणी धमकीत कोणता गुन्हा घातला आहे यावर ठरते. तो गुन्हा मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल (बलात्कार, दरोडा), तर ३०८(७) खाली दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पैसे हाती आलेच नाहीत, नुसती भीती घातली किंवा घालायचा प्रयत्न केला, तरी ३०८(६) खाली तीच कमाल शिक्षा. विनयभंगाच्या केसची धमकी मात्र या दोन्हींत बसत नाही, कारण त्या गुन्ह्याला कमाल शिक्षाच पाच वर्षांची आहे. तिथे पैसे दिले गेले असतील तर ३०८(२), म्हणजे सात वर्षांपर्यंत. दिले नसतील तर ३०८(३), फक्त दोन वर्षांपर्यंत. पैसे दिले गेलेल्या खंडणीला पूर्वी दंड संहितेच्या कलम ३८४ खाली तीनच वर्षे होती. जुन्या कायद्यात कलम ३७७ च्या (अनैसर्गिक संभोगाच्या) आरोपाची धमकी दिल्यास जन्मठेपेची तरतूद होती, ती नव्या संहितेत नाही.

पैसा किंवा कागद प्रत्यक्ष दिला गेल्याशिवाय खंडणीचा गुन्हा पुरा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इसाक इसांगा मुसुंबा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्पष्ट केले. भीतीचा मुद्दा त्याआधीच, १९८६ च्या आर. एस. नायक विरुद्ध ए. आर. अंतुले या निकालात, गाजला होता, आणि साखरपट्ट्यात तो वाचण्यासारखा आहे. सरकारदरबारी कामे अडकलेल्या सहकारी साखर कारखान्यांकडून तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी देणग्या मागितल्या होत्या. कारखान्यांना धमकावून भीती घातल्याचा पुरावा नाही, म्हणून खंडणीचा आरोप टिकला नाही. ‘काम करून देतो’ हे आमिष आणि ‘केस करतो’ ही भीती, यांतली रेघ तिथे दिसते.

हीच धमकी वर्दीतल्या माणसाकडून आली तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमही लागतो. तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे (टोल फ्री १०६४) करायची. सातारा आणि सांगली ही दोन्ही युनिटे पुणे परिक्षेत्रात येतात. अलीकडचा प्रकार फोनवरचा: पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणून ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरच अटक केल्याची बतावणी. अशी अटक कोणत्याही भारतीय कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावे. धमकीचे मेसेज आणि रेकॉर्डिंग पुसू नयेत. कोर्टात ते दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि पुष्कळ केसेस इथेच लंगड्या पडतात.

ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी, असा मार्ग आहे. गुन्हा एकदा नोंदला, की तो आपापसांत मिटवता येत नाही. खंडणी तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतच नाही. दोन्ही बाजूंचे जमले तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. त्यासाठी सातारा-सांगलीच्या पक्षकारांना मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये हे अर्ज चालतात.