पार्श्वभूमी : गोव्यातला मुख्याध्यापक आणि बदलती धोरणे

पोर्तुगीज काळात मराठी शाळा देवळाच्या मंडपात नाहीतर कोणाच्या तरी सोप्यावर भरत. मास्तर हाच मुख्याध्यापक, कारकून आणि परीक्षक. १९६१ नंतर पहिल्या लोकनियुक्त सरकारने वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा काढल्या, त्या बहुतांशी मराठी. १९७५ मध्ये स्वतंत्र परीक्षा मंडळ आले, १९८४ मध्ये शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ मध्ये त्याचे नियम. अनुदानित शाळेत मुख्याध्यापक व्यवस्थापनाने नेमायचा आणि शिक्षण खात्याने त्याला मान्यता द्यायची, अशी दोन धन्यांची चाकरी तेव्हा कागदावर पक्की झाली.

खरी परीक्षा १९९० ची. प्राथमिकला सरकारी अनुदान हवे तर माध्यम मराठी किंवा कोंकणी हवे, असा निर्णय झाला. चर्चच्या अनेक इंग्रजी शाळा देवनागरी कोंकणीकडे वळल्या. ज्यांची कोंकणी रोमी म्हणजे रोमन लिपीतली, त्या शिक्षकांना देवनागरी हाताला बसवावी लागली. वर्गांची फेरजुळणी करायची, पुस्तके मिळवायची आणि बिथरलेल्या पालकांना समजवायचे, हे सगळे मुख्याध्यापकांच्या माथी आले. निर्णय घेणारे पालकांच्या सभांना नव्हते.

या वादात सर्वांत गुंतलेला शब्द 'मातृभाषा'. पेडण्यातल्या एखाद्या घरात बोलणे कोंकणीत, आरती मराठीत, लग्नपत्रिकाही मराठीत. मग प्रवेश अर्जाच्या रकान्यात काय लिहायचे? एका बाजूच्या मते मातृभाषा म्हणजे आईच्या तोंडची, दुसऱ्या बाजूच्या मते लिहिण्यावाचण्याची, संस्काराची. सरकारने दोन्ही भाषा चालवून घेतल्या, ते शहाणपणाचेच झाले. पण अनुदान मुलाच्या मातृभाषेला की शाळेच्या माध्यमाला, हा घोळ तसाच राहिला. २०११ मध्ये त्याच फटीतून 'पालकांची निवड' हा शब्द आत आला आणि इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचे ठरले. आंदोलने पेटली. २०१२ मध्ये आलेल्या सरकारने इंग्रजीचे ते अनुदान अल्पसंख्याकांच्या शाळांपुरते चालू ठेवले. एकाच गावात दोन मापे! सरकारी मराठी शाळेचा पट आधीच घसरत होता. आता मे महिन्यात मुले शोधत दारोदार फिरणे हेही तिथल्या मुख्याध्यापकाचे काम ठरले. एकशिक्षकी शाळेत तर वर्ग घेणारा आणि खात्याला माहिती पाठवणारा माणूस एकच.

मध्यंतरी शिक्षण हक्क कायदा आला. २०१० पासून आठवीपर्यंत नापास करणे बंद. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत ती मुभा राज्यांना परत मिळाली. मूल्यमापनाच्या नोंदवह्या मात्र जाडच होत गेल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अडचण वेगळी आहे. त्याची मांडणी अशी : बालवाडीपासून दुसरीपर्यंत पायाभूत टप्पा, मग तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी ते बारावी. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, हायस्कूल पाचवी ते दहावी आणि पुढे उच्च माध्यमिक. म्हणजे धोरणाचा एक टप्पा दोन मुख्याध्यापकांत वाटला जातो, आणि अंगणवाडी तर तिसऱ्याच खात्याची. २०२३-२४ पासून पायाभूत टप्पा, त्यानंतर नववी असा क्रम सुरू झाला. २०२५ मध्ये वरच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्येच उघडले तेव्हा काही पालक न्यायालयात गेले. उकाड्याच्या, पाण्याच्या तक्रारी मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर आल्या.

तिसरी-चौथीच्याच टप्प्यातली पाचवी अजून हायस्कूलच्या इमारतीत भरते.