घराखालचं पाणी: पंप लावण्याआधी घड्याळ पाहा

पाऊस थांबला, रस्ते सुकले, तरी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहेच. वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, ऐरोली या नवी मुंबईतल्या खाडीच्या बाजूच्या भागांत ही तक्रार दर जुलैत ऐकू येते. मोटर लावून खड्डा कोरडा करायचा आणि सकाळी पाहावं तर पाणी पुन्हा तेवढंच. मग पंपवाल्याला बोल लावले जातात, वॉचमनला लावले जातात. खरं तर तो खड्डा म्हणजे आपणच नकळत खणलेली विहीर आहे. तिला झरा कुठून लागलाय हे कळल्याशिवाय कितीही उपसा केला तरी वीज वाया जाते आणि पाणी राहतं.

नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग खाजणांवर भराव टाकून उभा राहिला. वर मुरूम, त्याखाली खाडीचा चिकण गाळ, आणखी खाली काळा बसॉल्ट. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मुरमातून पाणी भरभर खाली जातं आणि गाळावर जाऊन अडतं. मग त्याला आडवं, खाडीच्या दिशेनं सरकावं लागतं. जमिनीतलं पाणी किती वेगानं सरकेल याचा नियम फ्रेंच इंजिनिअर हेन्री दार्सी यांनी 1856 मध्ये मांडला. माती किती झिरपू देते आणि पाण्याच्या पातळीला उतार किती आहे, या दोन गोष्टींवर तो वेग ठरतो. खाडीकाठी हा उतार नावापुरताच असतो, आणि मोठ्या भरतीला तर तो उलटाही होतो. पाऊस थांबल्यावरही घराखालचं पाणी हटत नाही, ते यामुळे.

जमिनीवरच्या पाण्यासाठी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची झडपदारं मिटतात, खाडीचं पाणी आत शिरत नाही आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की ते बाहेर पडतं. जमिनीखाली अशी झडप कुठेच नाही.

म्हणून पंप लावण्याआधी लिफ्ट बंद करावी, तिथला वीजपुरवठा तोडावा आणि खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. दर दोन तासांनी नवी रेघ. दोन-तीन दिवसांत त्या रेघा बोलायला लागतात. भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे 50 मिनिटं उशिरा. तुमच्या खड्ड्यातली वाढही रोज तेवढीच पुढे सरकत असेल, तर पाण्याचा दाब खाडीकडून येतोय. भरावातून तो पोचायला वेळ लागतो, त्यामुळे वाढ भरतीच्या मागून होईल, पण रोजचं सरकणं चुकणार नाही. याउलट पाणी रोज एकाच वेळी, नळाला पाणी येण्याच्या सुमारास वाढत असेल, तर जमिनीखालची एखादी पाइपलाइन गळतेय. ती गळती पंपानं नव्हे, प्लंबरनं थांबेल. आणि घड्याळाशी काहीच नातं नसेल, पातळी नुसती हळूहळू उतरत असेल, तर ते मुरलेलं पावसाचं पाणी.

घरात आरओचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर तोही इथे कामाला येतो. मोरबे धरणाचं नळाचं पाणी आणि पावसाचं पाणी, दोन्हींचा आकडा कमी असतो. खाडीचा अंश असेल तर आकडा हजारांत जातो.

खाडीचा दाब असेल तर उपसा ओहोटीलाच करावा. भरतीला गटार तुडुंब असतं, उपसलेलं पाणी फिरून परत येतं. पंपातून येणारं पाणी गढूळ झालं तर लगेच थांबावं. तो गढूळपणा म्हणजे फरशीखालची माती पाण्याबरोबर निघून चालली आहे. बैठ्या घरांत लाद्या पोकळ वाजू लागतात, त्यामागे कित्येकदा हेच असतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भूमिगत टाकीची. टाकीत पुराचं पाणी शिरलं की सोसायटी ती तातडीनं रिकामी करायला निघते. जरा हिशोब करून पाहा. बाहेरून 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल अशी टाकी घ्या, आत साधारण वीस हजार लिटर मावणारी. तिच्या भिंती आणि तळ 20 सेंटिमीटर जाड, स्लॅब 15 सेंटिमीटर. तिच्या काँक्रीटचं वजन भरतं सुमारे 25 टन. भोवतालच्या जमिनीतलं पाणी टाकीच्या माथ्यापर्यंत चढलं असेल, तर आर्किमिडीजच्या नियमानं ते टाकीला 30 टनांनी वर ढकलतं. बाजूच्या मातीचं घर्षण थोडा आधार देतं, पण भिजलेल्या मातीचा भरवसा किती धरायचा? रिकामी टाकी उचलली जाऊ शकते, तिच्या तळाला तडे जाऊ शकतात. आत अडीच फूट पाणी असेल तर त्याचं सात टन वजन तिला दाबून ठेवतं. त्यामुळे आधी लिफ्टच्या खड्ड्यातल्या रेघा पाहाव्यात. जमिनीतलं पाणी टाकीच्या निम्म्या उंचीखाली गेलं असेल तर ही उचल 15 टनांच्या आत येते. प्रत्येक टाकी वेगळी, तेव्हा आकडे आपल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावेत. टाकीत दोन कप्पे असतील तर एका वेळी एकच उपसावा. तोवर ते पाणी पिण्याला घेऊ नये. आणि उपसलेल्या टाकीत कुणालाही एकट्यानं उतरवू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो, माणूस हाक मारण्याआधी कोसळतो.

ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत गोष्ट वेगळी. तिथे रस्ता थरावर थर चढत वर आला आणि जुन्या इमारतींची जोती खाली राहिली, त्यामुळे पाणी रस्त्यावरून आत येतं. पण ते ओसरल्यावर भिंतीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढतं आणि दोन-तीन फुटांवर ओलीचा पट्टा उमटतो. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात, प्लास्टरच्या आत त्यांचे स्फटिक वाढतात आणि पोपडे सुटतात. हाच लोणा. त्यावर ऑगस्टमध्ये वॉटरप्रूफ रंग फासला तर बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. पोपडे खरवडून काढा, कोरड्या ब्रशनं क्षार झाडून टाका (पाण्यानं धुतले तर ते विरघळून पुन्हा विटेत शिरतात) आणि भिंत उघडी ठेवा. नवं प्लास्टर दिवाळीनंतर, जमिनीतली पातळी उतरल्यावर.