राजपुत्रांची शिपाईगिरी : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

स्पेनच्या गादीची वारसदार राजकन्या लिओनोर ऑगस्ट 2023 मध्ये झारागोझा येथील लष्करी अकादमीत दाखल झाली आणि तेथून पुढे नौदलाच्या व हवाई दलाच्या अकादमीत तिचे प्रशिक्षण झाले. नॉर्वेची राजकन्या इंग्रिड अलेक्झांड्रा हिने जानेवारी 2024 पासून 15 महिने त्या देशाच्या उत्तर भागातील अभियंता बटालियनमध्ये सेवा केली, आणि 2025 मध्ये डेन्मार्कचा युवराज क्रिश्चन हाही लष्करी सेवेत रुजू झाला. या तिघांची गणवेशातील छायाचित्रे मराठी वृत्तपत्रांतही आली. राजघराण्यातील तरुणांनी सैन्यात जावे का, आणि गेलेच तर त्यांना खऱ्या रणांगणावर पाठवावे का, हा वाद त्यानिमित्ताने पुन्हा सुरू झाला आहे. विदर्भाच्या खेड्यांतून तो परक्या देशांतील श्रीमंतांचा विषय वाटण्याची शक्यता आहे. तथापि वऱ्हाड, नागपूर आणि चांदा या तिन्ही मुलखांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाच्या जवळजवळ प्रत्येक बाजूचे उदाहरण आपल्याच मातीत सापडते.

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण राज्य आणि फौज या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. जून 1665 मधील पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी स्वतःला मोगली मनसबीतून, म्हणजे बादशाही लष्करी हुद्द्यातून, सूट मागून घेतली आणि त्यांच्याऐवजी युवराज संभाजीराजांच्या नावे पाच हजारांची मनसब ठरली. आग्र्याच्या प्रकरणानंतर पुन्हा सलोखा झाला, तेव्हा नोव्हेंबर 1667 मध्ये संभाजीराजे औरंगाबादेस औरंगजेबाचा मुलगा शहाजादा मुअज्जम याच्या भेटीस गेले. त्यांचे वय त्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांच्या मनसबीसाठी जी जहागीर नेमून दिली गेली ती वऱ्हाडातली होती, आणि प्रतापराव गुजर व निराजी रावजी यांच्याबरोबर आलेल्या मराठी पथकांपैकी निम्मी पथके वसुलीच्या बंदोबस्तासाठी वऱ्हाडात आली. दहा वर्षांचा मुलगा पाच हजार स्वारांची सरदारी करू शकत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. मनसब नावाची होती, काम प्रतापरावांचे होते, आणि त्याचा खर्च वऱ्हाडच्या कुणब्याच्या साऱ्यातून निघत होता. राजपुत्राच्या गणवेशामागे प्रत्यक्ष काम कोण करतो आणि त्याचा भार कोण सोसतो, हे आजही विचारावे लागते, ते यामुळेच.

मनसबदारीचा धोका याच मुलखाने त्याआधीही पाहिला होता. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव हे जिजाऊंचे वडील. निजामशाही आणि मोगलाई अशा दोन दरबारांत त्यांच्या घराण्याची तलवार चालली, आणि जुलै 1629 मध्ये दौलताबादेच्या किल्ल्यात, निजामशाहाच्या दरबारात, मुलांसह व नातवासह त्यांची हत्या झाली. त्यांच्या घरातील तरुण पोरे रणात नव्हे तर मुजऱ्याच्या प्रसंगी मारली गेली. सिंदखेडराजा येथील लखुजींची समाधी पाहायला जाणाऱ्याने हा तपशील लक्षात ठेवावा, कारण लष्करी घराण्यात जन्म घेणे म्हणजे काय, हे त्यातून जितके कळते तितके पराक्रमाच्या वर्णनांतून कळत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात तर राज्यकर्त्याचे पदच लष्करी होते. सातारच्या छत्रपतींकडून मिळालेल्या ‘सेनासाहेबसुभा’ या पदावर नागपूरची गादी उभी होती, म्हणून मुलाला मोहिमेचा अनुभव नसेल तर त्या पदाला अर्थ उरत नसे. पहिल्या रघुजींनी आपला थोरला मुलगा जानोजी याला बंगालच्या स्वारीवर पाठवले ते याच समजुतीने. परंतु प्रत्येक भावाच्या हाताखाली स्वतंत्र फौज असण्याचे दुसरे फळही याच घराण्याला चाखावे लागले. जानोजी 1772 मध्ये निधन पावल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांमध्ये वारसाचे भांडण पेटले आणि जानेवारी 1775 मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला. गोळी मुधोजीनेच झाडली असे इतिहासात नमूद आहे. राजपुत्राच्या हाती शस्त्र द्यावे, पण स्वतःची फौज देऊ नये, हा नियम युरोपातील आजच्या राज्यघटनांनी पाळला आहे. त्यामागे कोणत्या प्रकारचा अनुभव असतो, ते पाचगावच्या शिवारात दिसते.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1803 रोजी, आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात अडगाव येथे दुसऱ्या रघुजींची फौज जनरल आर्थर वेलस्लीच्या फौजेसमोर उभी राहिली. भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व राजाचा सख्खा भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, याच्याकडे होते. पलीकडचा सेनापतीही सामान्य घरातला नव्हता. तो आयरिश सरदार घराण्यातला आणि गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ होता. दोन मोठ्या घराण्यांतील दोन भावांच्या हुकमाखाली जी माणसे त्या दिवशी कापली गेली, त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. सोळा दिवसांनी, 15 डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता ठार झाला, आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने कटकचा प्रांत इंग्रजांकडे व वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. घराण्याचे भाऊबंद रणात होते, म्हणून पराभव टळला नाही. पण राज्य गमावण्याची लाज त्यांनी दुसऱ्या कुणाच्या नावावर लोटली नाही, एवढे त्यांच्या बाजूने मानले पाहिजे.

या सर्वांहून मला जवळचे वाटणारे उदाहरण चांद्याच्या रानातले आहे. मोलमपल्लीच्या गोंड जमीनदार घराण्यातील बाबुराव शेडमाके यांचा जन्म 12 मार्च 1833 चा. कंपनी सरकारचा सारा आणि कायदा गोंडवनात शिरू लागला तेव्हा त्यांनी आपल्या समाजातील तरुणांची सेना उभारली. मार्च 1858 मध्ये राजगड परगणा ताब्यात घेऊन ते इंग्रजांशी लढत राहिले, आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. शेवटी अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर इंग्रज अधिकाऱ्याने दबाव आणल्यावर त्यांच्या माणसांकरवी बाबुराव पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पंचवीस वर्षांच्या त्या मुलाला लढण्याची सक्ती कुणीही केली नव्हती. गप्प राहिले असते तर जमीनदारी सुरक्षित होती. आपली माणसे भरडली जात असताना घराण्याने पुढे उभे राहिले पाहिजे, हा राजपुत्रांच्या लष्करी सेवेमागचा सर्वांत प्रामाणिक विचार आहे, आणि त्याची साक्ष गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांना बाहेरून आणावी लागत नाही.

इंग्रजी अमलात हा विचार मागे पडला आणि शोभेचा दर्जा पुढे आला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. या फौजेची एक छावणी एलिचपुरास, म्हणजे अचलपुरास होती. 1902 मध्ये हा ताबा कायमचा झाला आणि 1936 मध्ये निजामाचे मन राखण्यासाठी त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. अशा रीतीने आझम जाह हे वऱ्हाडचे राजपुत्र ठरले, पण वऱ्हाडात त्यांची सत्ता कधीच नव्हती. हैदराबाद संस्थानच्या सैन्याचे सरसेनापतीपद त्यांच्याकडे होते, मात्र प्रत्यक्ष फौज चालवणारे अधिकारी वेगळे होते. सप्टेंबर 1948 मध्ये त्या फौजेने शरणागती पत्करली ती जनरल एल एद्रूस यांच्या हुकमाने. त्याआधी व्हाइसरॉय कर्झनने 1901 मध्ये संस्थानिकांच्या व सरदारांच्या मुलांसाठी इंपीरियल कॅडेट कोर काढली होती. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणाला गणवेश व मान मिळे, पण गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालवण्याचा अधिकार मिळत नसे. ज्या सेवेत जबाबदारी नाही तिचा मुलांना व राज्याला काय उपयोग, हे त्या काळच्या विचारी संस्थानिकांनाही बोचत असे. पहिल्या महायुद्धात जोधपूर घराण्यातले, सत्तरीच्या आसपासचे सर प्रतापसिंह फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि जोधपूर व म्हैसूरच्या पथकांनी 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा जिंकले, हा त्या शोभेच्या काळातला सन्माननीय अपवाद होय.

ब्रिटनमध्ये वाद नेमका कशावरून होतो हे समजण्यासाठी 1879 मधील एक घटना पाहावी लागेल. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन याचा मुलगा इंग्लंडमध्ये लष्करी शिक्षण घेऊन हट्टाने दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडच्या युद्धात गेला आणि 1 जून रोजी, तेवीस वर्षांचा असताना, टेहळणीच्या तुकडीबरोबर असताना मारला गेला. त्याच्यासोबत असलेल्या लेफ्टनंट केरी या अधिकाऱ्यावर राजपुत्राला मागे टाकून पळाल्याचा ठपका येऊन कोर्टमार्शल झाले. निकाल पुढे रद्द झाला, तरी त्या माणसाचे नाव कायमचे डागाळले. तुकडीतला दुसरा कोणी सैनिक मेला असता तर अशी चौकशी झाली नसती. राजपुत्र सोबत असला की शेजारच्या सैनिकाचा जीव, निर्णय आणि अब्रू तिन्हींवर वेगळे ओझे येते, आणि माझ्या मते हाच या वादातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे.

पहिल्या महायुद्धात युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी ब्रिटनच्या युवराज एडवर्डला आघाडीच्या खंदकात जाऊ दिले नाही, कारण तो शत्रूच्या हाती जिवंत सापडण्याची भीती होती. त्याचा धाकटा भाऊ अल्बर्ट, पुढे राजा झालेला सहावा जॉर्ज, मात्र 1916 च्या जटलंडच्या आरमारी लढाईत युद्धनौकेवर हजर होता. प्रिन्स फिलिप मार्च 1941 मध्ये मातापानच्या लढाईत होते, राजकन्या एलिझाबेथ 1945 मध्ये महिलांच्या सहायक सेवेत मोटारी चालवण्याचे व दुरुस्तीचे काम शिकली, आणि 1982 च्या फॉकलंड युद्धात प्रिन्स अँड्र्यू हेलिकॉप्टर चालवत होता. प्रिन्स हॅरीच्या बाबतीत जुनी भीती नव्याने समोर आली. मे 2007 मध्ये त्याला इराकला पाठवण्याचा निर्णय लष्करप्रमुख जनरल डॅनट यांनी मागे घेतला, कारण त्याला लक्ष्य करण्याच्या धमक्यांमुळे त्याच्या सोबतच्या जवानांचाही धोका वाढत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गुप्तपणे अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात गेला. वृत्तपत्रांनी बातमी दडवण्याचे मान्य केले होते, पण परदेशी माध्यमांतून ती फुटली आणि फेब्रुवारी 2008 च्या अखेरीस त्याला परत बोलावले गेले. 2012 मध्ये तो अपाचे हेलिकॉप्टरवर पुन्हा गेला. तो कँप बॅस्टियन येथे असतानाच, सप्टेंबरमध्ये, त्या तळावर तालिबानचा हल्ला होऊन दोन अमेरिकन मरीन मारले गेले.

भारतात राजे राहिले नाहीत, तरी राजघराण्यांतले अधिकारी राहिले. नवानगरच्या घराण्यातील जनरल राजेंद्रसिंहजी 1955 मध्ये भारताचे पहिले चीफ ऑफ आर्मी स्टाफ झाले. जयपूरचे भवानीसिंह 1951 मध्ये सैन्यात दाखल झाले आणि डिसेंबर 1971 मध्ये 10 पॅरा कमांडो बटालियनचे नेतृत्व करत सिंधमधील छाछरोपर्यंत खोल धडक मारून महावीरचक्राचे मानकरी ठरले. ही कारवाई 7 व 8 डिसेंबरच्या रात्रीची. त्याच महिन्याच्या 28 तारखेला सव्विसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि संस्थानिकांचे तनखे व मान्यता संपुष्टात आली. पदवी गेली, पण त्यांचे लष्करी पद आणि पदक कायम राहिले, कारण ते जन्माने मिळालेले नव्हते. राजघराण्यातील तरुणाने सैन्यात जाण्याच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला माहीत नाही.

आता ज्या देशांत राजे आहेत तेथे राजा हा बहुधा सैन्याचा औपचारिक सरसेनापती असतो. स्पेनच्या राज्यघटनेत तसे स्पष्ट कलम आहे. ज्याच्या सहीने लोकांची मुले युद्धावर जाणार, त्याने छावणीतील भाकरी खाल्लेली असावी, ही अपेक्षा रास्त आहे. नॉर्वेत तर 2015 पासून सक्तीची लष्करी सेवा मुलींनाही लागू आहे, त्यामुळे तेथील राजकन्येची सेवा हा घराण्याचा उपकार न राहता सर्वांना असलेल्या कर्तव्याचा भाग होतो.

आमच्याकडे पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी मुले भरतीला जातात ती घराची परिस्थिती, कोरडवाहू शेती आणि देशाची ओढ या तिन्हींमुळे, आणि जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर त्यांतील बहुतेकांना चार वर्षांपुरतीच नोकरी मिळते. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे जवान गेले त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते. त्यांच्या नेमणुकीच्या वेळी त्यांना काही झाले तर काय, असा वाद कोणत्याही वृत्तपत्रात झाला नव्हता. म्हणून राजपुत्राने सैन्यात जावे, असेच मी म्हणेन. पण त्याची निवड इतरांच्याच निकषांवर व्हावी, बढती इतरांच्याच वेगाने मिळावी, आणि त्याला कोठे पाठवायचे किंवा कोठून परत आणायचे याचा निर्णय राजवाड्याने अथवा मंत्रिमंडळाने न घेता, सोबतच्या जवानांचा जीव डोळ्यांसमोर ठेवून त्याच्या लष्करी वरिष्ठानेच घ्यावा.